नवतप्यात पास झालेली जोंगा

सम गावाजवळच्या वाळूत उभी असलेली हिरवी जोंगा, मागचं फळकं उघडं, आत अंथरूण घातलेलं आणि बाजूला स्टोव्हवर चहा. जैसलमेरहून आणलेला हा फोटो आमच्या ओळखीच्या सगळ्यांनी पाहिला. पण त्या फोटोमागचे दोन उन्हाळे नागपुरात कामठी रोडवरच्या एका टिनाच्या शेडमध्ये गेले. हे किस्से त्या शेडमधले आहेत.

जोंगा हे नाव 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' यातल्या अक्षरांवरून पडलं. 1960 च्या दशकात निस्सान कंपनीशी करार झाला आणि तिची 'पॅट्रोल' ही गाडी आपल्या लष्करासाठी जबलपुरात बनू लागली. 3,956 सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना जोर आणि खाली पोलादी पाटे. 1999 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. लष्करातून निवृत्त झालेल्या गाड्या लिलावातून लोकांकडे आल्या, काही शेतावर राबल्या, बऱ्याच भंगारात कापल्या गेल्या. आमची कापली जाण्याच्या बेतात होती.

पेन्सिलीची छाप

गाडी शेडमध्ये आली त्या दिवशी मी रंगाचा विषय काढला. शेडमधले मिस्त्री म्हणाले, "भाऊ, रंगाची घाई काहून करता? आधी नंबर वाचू द्या."

चेसिस नंबरच्या जागी हिरव्या रंगाचे थरावर थर आणि त्याखाली गंज. मिस्त्रींनी रॉकेलचा बोळा ठेवला, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासलं. ग्राइंडर जवळ येऊ दिला नाही. ग्राइंडरने अक्षराची कड गेली, तर आरटीओत ती गाडी कुणाचीच राहत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली आणि एकेक आकडा उमटत गेला. तो कागद त्यांनी खिशात न ठेवता माझ्या हातात दिला. लिलावाची पावती आणि ती छाप जुळली, तेव्हाच इंजिनाला पाना लागला.

इंजिन जाम होतं. प्लग काढून सहाही सिलिंडरांत डिझेल ओतलं आणि आठ दिवस कुणी हात लावला नाही. नवव्या दिवशी पुढच्या पुलीला पाना लावला, तर ती बोटभर सरकली. शेडमधल्या पोराने टाळी वाजवली. जबरदस्ती केली असती तर पिस्टनच्या रिंगा तुटल्या असत्या. गॅस्केट आणि काही सुटे भाग जबलपूरहून आणले. पेंचच्या जंगलाला लागून जाणारा तो रस्ता एका दिवसाचा, पण जुना माल ओळखणारा दुकानदार शोधायला तीन खेपा झाल्या.

डोक्याचा दुपट्टा

वाळवंटाची परीक्षा आम्ही नागपुरातच घ्यायची ठरवली, तीही नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. दुपारी दोनला अमरावती रोड धरला. वाडी मागे पडली आणि गाडी आचके देत बंद पडली. टाकीत पेट्रोल, प्लगला ठिणगी, तरी इंजिन चालेना. मिस्त्रींनी डोक्याचा दुपट्टा सोडला, पाण्यात भिजवला आणि फ्युएल पंपाला गुंडाळला. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली.

सायलेन्सरच्या गरम मॅनिफोल्डजवळून जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ झाली होती. पंप पेट्रोल ओढतो, वाफ ओढू शकत नाही. शेडमध्ये परतल्यावर ती नळी लांबून फिरवली, पंप आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा लावला. रेडिएटर खोलला तर बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी निम्म्या नळ्या बुजलेल्या. त्या सळईने मोकळ्या केल्या. चार दिवसांनी त्याच वेळी, त्याच उन्हात कोंढाळीपर्यंत जाऊन आलो. दुपट्टा मिस्त्रींच्या डोक्यावरच राहिला.

कळमन्याचा काटा

राहण्यासाठी आत पलंग, ओटा, कपाट असं सगळं प्लायवूड आणि लोखंडी अँगलमध्ये करून घेतलं. दिसायला देखणं. मिस्त्री म्हणाले, काट्यावर चला. कळमन्याच्या धर्मकाट्यावर गाडी आधी रिकामी तोललेली होती. आता फरक आला 180 किलो, आणि पाणी, पेट्रोल, माणसं अजून चढायचीच होती. वाळूत प्रत्येक किलो चाकाला खाली ओढतो. साठ लिटर पाणी म्हणजेच साठ किलो, आणि ते तर टाळता येत नाही.

ते सगळं काढून टाकलं. इतवारीतून नवार आणली आणि हलक्या पाइपच्या चौकटीवर ताणून विणली. जुन्या घरांतल्या पलंगासारखीच. खालून हवा खेळते आणि उन्हाळ्यात पाठ भिजत नाही. ओट्याऐवजी दोन पेट्या केल्या. सगळं नटबोल्टवर, अर्ध्या तासात बाहेर निघेल असं. त्याला कायद्याचंही कारण होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. म्हणून बॉडीला एकही काप दिला नाही. पुढच्या बंपरला कॅनव्हासची छागल टांगली. झिरपत्या पाण्यावर वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. तिला ना बॅटरी लागते ना गॅस.

हवा काढ

शेवटचा धडा कन्हान नदीच्या कोरड्या रेतीत मिळाला. चारही चाकांना जोर देऊनही गाडी एक्सलपर्यंत रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबत होतो आणि ती आणखी खाली जात होती. लष्करात ड्रायव्हर असलेले आमच्या शेजारचे काका शांतपणे उतरले. "जोर नको देऊ गाडीले. हवा काढ."

पस्तीसची हवा अठरावर आणली. टायर पसरले, रेतीवरचा त्यांचा ठसा लांबट झाला, चाकांपुढची रेती फावड्याने सारली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये सावकाश वर आली. डिसेंबर 1971 च्या भारत-पाक युद्धात जैसलमेरच्या वाळवंटातल्या लोंगेवालाला आपल्या जवानांच्या मदतीला जीपवर बसवलेली 106 मिलिमीटरची रिकॉइललेस गन होती. वाळूत गाडी चालवण्याची विद्या लष्कराने अशा जागी कमावली आणि काकांच्या पिढीकडून ती आमच्या हाती आली. समच्या वाळूत आम्ही एकदाही रुतलो नाही, कारण रस्ता सोडतानाच हवा काढली. डांबरी रस्त्यावर परत येताच ती भरूनही घेतली. कमी हवेत वेगाने पळवलं तर टायर तापून फुटतो.

गाडीला रंग सगळ्यात शेवटी लागला. क्रम हाच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. आधी कागद, मग गारवा, मग वजन, मग रंग.

तुमच्या वाड्यात, शेतावर किंवा ओळखीच्या कुणाच्या अंगणात अशी एखादी जोंगा उभी असेल, तर ती कापायला देण्याआधी तिच्या चेसिस नंबरची छाप घ्या आणि एखाद्या जुन्या मिस्त्रीला दाखवा. नव्या जोंगा आता बनत नाहीत, आणि त्यांना हाताने ओळखणारे मिस्त्रीही थकत चालले आहेत. दोघेही आहेत तोवर त्यांची भेट घालून द्या.