धुळीचा रंग आणि मोटरसायकलचा चिमटा

जानेवारीत टेक्सासमधल्या अर्विंगला उत्तरेचं कोरडं वारं सुटलं आणि घरोघरी हीटर चालू झाले, की दाराच्या मुठीला हात लावायची धास्ती वाटू लागते. कार्पेटवरून चार पावलं चालून बोट मुठीजवळ न्यावं आणि चट्‌दिशी ठिणगी पडावी. ती बोटाला जाणवायची तर निदान दोन-तीन हजार व्होल्ट लागतात. साचलेली वीज क्षणात संपून जाते, म्हणून आपल्याला काही होत नाही. तारेतून वाहणाऱ्या विजेशी आपला रोजचा व्यवहार असतो, पण ही एका जागी साचणारी वीज सहसा चटका देण्यापुरतीच भेटते. तिच्याच जोरावर मोटरसायकलचा चिमटा घरच्या गॅरेजात असा रंगवता येतो की कारखान्यातून आल्यासारखा वाटावा. ते पाहताना शाळेतला कंगवा आणि कागदाचे कपटे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

चिमटा म्हणजे स्विंगआर्म, मागचं चाक दोन बाजूंनी धरणारा भाग. त्याचं पुढचं टोक एका लांब बोल्टवर फ्रेममध्ये अडकवलेलं असतं. खड्डा आला की चाकासकट चिमटा वर उचलला जातो आणि शॉकअप दबतो. फार पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत मागचं चाक थेट फ्रेमलाच आवळलेलं असे आणि बसणाऱ्याची भिस्त सीटखालच्या स्प्रिंगांवर असे. रॉयल एनफिल्डने १९४८ साली इंग्लंडमधल्या कोल्मोर कप ट्रायलमध्ये चिमटा लावलेल्या बुलेट उतरवल्या, तेव्हा मागचं चाक असं हलतं ठेवणं बऱ्याच जाणत्यांना पटलं नव्हतं. हीच बुलेट १९५५पासून मद्रासला तयार होऊ लागली.

गाडीत सर्वांत जास्त मार खातो तो हाच भाग. चेनचं काळं तेल, चाकाने उडवलेले खडे, पाणी आणि ब्रेकची भुकटी सगळं याच्याच अंगावर. अर्विंगमधल्याच लास कोलिनासच्या विल्यम्स स्क्वेअरमध्ये पाण्यातून दौडणारे ब्राँझचे नऊ घोडे १९८४पासून ऊनपाऊस सोसत आहेत. ब्राँझवर स्वतःचाच एक थर चढतो आणि तो आतल्या धातूला सांभाळतो. पोलादाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. तो निघून जातो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा हवेला उघडं पाडतो. तेव्हा पोलादी चिमट्याला थर बाहेरून द्यावा लागतो.

पुण्यात असतो तर चिमटा उतरवून भोसरीतल्या एखाद्या पावडर कोटिंगवाल्याकडे, म्हणजे कोरड्या पिठाचा रंग विजेने चढवून भट्टीत भाजणाऱ्याकडे, टाकला असता, खिडक्यांच्या ग्रिलबरोबर तोही भाजून निघाला असता. अर्विंगमध्ये मजुरीचा दर ऐकला की माणूस आपोआप हौशी कारागीर होतो. शिवाय घराला लागून गॅरेज असतं, आणि गॅरेजच्या पलीकडे बऱ्याचदा कपडे वाळवायच्या यंत्राचं २४० व्होल्टचं सॉकेट. इथल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्टच मिळतात, त्यावर मोठी भट्टी चालत नाही. म्हणून हौशी लोक कुणीतरी काढून टाकलेला स्वयंपाकघरातला विजेचा ओव्हन आणतात आणि त्या २४०वर लावतात. त्यात पुन्हा कधी अन्न शिजवायचं नाही, हा नियम घरच्या मंडळींनी आधीच बजावलेला बरा. चिमटा आत मावतो का, हे खरेदीपूर्वी पुठ्ठा कापून पाहावं. साधारण दोन फूट रुंदीच्या ओव्हनमध्ये लहान गाडीचा चिमटा तिरका बसतो, मोठ्या गाडीचा बसत नाही.

उतरवण्याचं काम रंगापेक्षा जास्त घाम काढतं. चिमटा निघाला की मागे गाडीला आधारच उरत नाही. म्हणून इंजिनाखाली जॅक आणि वरून पट्टे, अशी दुहेरी सोय करावी लागते. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगायचा, त्याच्या पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही. खरी परीक्षा पुढच्या लांब बोल्टची. वर्षानुवर्षं ग्रीस न मिळालेला बोल्ट आतल्या नळीशी एकजीव झालेला असतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्यावं, नट टोकाशी थोडा चढवून आटे वाचवावेत आणि लाकडाचा तुकडा मध्ये धरून ठोकावं. मग आतल्या बारीक सळ्यांची बेअरिंगं आणि रबरी सील काढायची. ती आत ठेवून भाजली तर सील जळतात आणि ग्रीस वितळून रंगाखालून बाहेर येतं.

यानंतर जुना रंग सँड ब्लास्टिंगने उतरवायचा, आणि मग चिमट्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचं तेलही पुढे डाग होऊन उमटतं. कोरा चिमटा एकदा नुसताच तापवून घेतात. धातूच्या छिद्रांत आणि वेल्डिंगच्या फटींत दडलेलं तेल आणि हवा तेव्हाच बाहेर पडू द्यायची, नाहीतर रंग चढल्यावर तिथे बुडबुडे येतात.

कुठे रंग चढू द्यायचा नाही, हे ठरवणं तितकंच महत्त्वाचं. या रंगाचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. ऐकायला काहीच नाही. पण बेअरिंगच्या भोकात तो चारी बाजूंनी चढला तर भोकाचा व्यास मिलिमीटरच्या बारा ते सोळा शतांशांनी घटतो, आणि बेअरिंगची घट्ट बसणी तर एक-दोन शतांशांच्या हिशेबाची असते. ते आत जाणारच नाही. नट जिथे टेकतो त्या जागेवरही थर नको. नटाच्या दाबाखाली प्लास्टिकचा थर हळूहळू सरकतो आणि आवळलेला नट न फिरताच ढिला पडतो. म्हणून भोकांना सिलिकॉनची बुचं आणि सपाट जागांना उष्णता सोसणारी पट्टी लावायची.

आता गंमत सुरू होते. पावडर म्हणजे रेझिन, रंगद्रव्य आणि घट्ट करणारं रसायन एकत्र वितळवून, थंड करून दळलेलं पीठ. कण साधारण ४० मायक्रॉनचे. १९५०च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर या संशोधकाने हवेने घुसळलेल्या पावडरीत तापवलेले भाग बुडवायची पद्धत काढली. बंदुकीने विजेचा फवारा मारणं पुढच्या दशकात आलं. अमेरिकेत १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर थिनर हवेत सोडणारे रंग अडचणीत येऊ लागले, तसा थिनरच नसलेल्या या पिठाचा भाव वधारला.

बंदुकीच्या टोकाला एक सुई असते. घरगुती बंदुकीत तिच्यावर पंधरा-वीस हजार व्होल्ट, कारखान्यात लाखापर्यंत. सुईच्या अणीपाशी विजेचा ताण इतका वाढतो की हवाच फुटते, इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि जवळून जाणाऱ्या कणांवर बसतात. चिमटा उघड्या धातूच्या आकड्यावर टांगलेला आणि अर्थिंगला जोडलेला असतो. ट्रिगर दाबला की पिठाचा ढग निघतो आणि चिमट्याकडे वळतो. पुढून फवारलं तरी काही कण नळीला वळसा घालून मागच्या बाजूला जाऊन बसतात. ते सरळ रेषेत न जाता विजेच्या क्षेत्राच्या वाटेने जातात.

‘‘मामा, एवढं पीठ खाली का पडत नाही?’’ मदतीला आलेल्या भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. चिमट्यावर ना गोंद, ना पाणी, तरी उभ्या बाजूवरही थर टिकून होता.

उत्तर असं की कणावरच्या ऋण भारामुळे धातूतले इलेक्ट्रॉन मागे सरतात आणि कणासमोर तेवढाच धन भार उभा राहतो. हिशेबापुरतं म्हणायचं तर आरशामागे प्रतिबिंब असावं तसा हा भार पृष्ठभागाच्या आत तितक्याच अंतरावर असतो. कण आपल्याच विजेच्या प्रतिबिंबाला बिलगून राहतो. दर ग्रॅमला एक मायक्रोकूलंब हा नेहमीचा भार धरून आकडेमोड केली, तर ४० मायक्रॉनच्या एका कणावर सुमारे तीन लाख जादा इलेक्ट्रॉन येतात आणि पकड त्याच्या वजनाच्या पंचवीस पट निघते. मग तो खाली कशाला पडेल? फुंकर मारली तर मात्र उडतो. तेव्हा रंगवलेला चिमटा ओव्हनपर्यंत नेताना शिंकायचंसुद्धा नाही.

हा थर स्वतःला लगाम घालतो, हे तर मला सर्वांत नवलाचं वाटतं. जसजसे कण साचतात तसतसा वरच्या थराचा ऋण भार नव्या कणांना दूर ढकलतो. फवारा मारतच राहिलं तर पीठ खाली सांडतं आणि थरात बारीक खड्डे पडतात. आतल्या कोपऱ्यांत उलट अडचण. चिमट्याच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीचं वेल्डिंग जिथे मिळतं त्या खाचेत विजेचं क्षेत्र शिरतच नाही. मायकेल फॅरडेने १८३६ साली धातूने मढवलेल्या खोलीत बसून दाखवलेला हाच गुण. सगळं पीठ खाचेच्या कडांवर जाऊन बसतं आणि खाच कोरी राहते. चिमटा अशा खाचांनी भरलेला, म्हणून व्होल्टेज आणि हवा कमी करून खाचा आधी भरायच्या, मोकळ्या नळ्या नंतर.

टेक्सासची म्हणून दोन पथ्यं आहेत. उन्हाळ्यात गॅरेज चाळीस अंशांच्या वर जातं आणि पावडरीच्या गुठळ्या होतात, तेव्हा डबा घरात एसीत ठेवायचा. दमट दिवशी कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर पाणी येतं, त्यासाठी नळीवर पाणी अडवणारा फिल्टर हवा. याहून गंभीर गोष्ट अशी की इथे गॅसचा वॉटर हीटर पुष्कळदा गॅरेजातच असतो. हवेत पुरेसं दाट झालेलं पीठ ज्योतीने भडकून स्फोट होऊ शकतो. फवारण्याआधी हीटरची ज्योत विझवलीच पाहिजे. मास्कही चांगला लागतो. अमेरिकेत बाहेर उन्हात वापरायच्या पॉलिएस्टर पावडरीत बऱ्याचदा टीजीआयसी हे घातक रसायन असतं. युरोपात त्याच्या जागी बरीचशी दुसरी रसायनं आली आहेत.

ओव्हनच्या काचेतून पाहिलं तर काही मिनिटांत मळकट पीठ ओलसर दिसू लागतं आणि एकदम चकाकतं. बरेच जण इथेच काम झालं समजतात. पण आतापर्यंत पीठ नुसतं वितळलेलं असतं. रेझिनच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जाण्याची क्रिया खरी यानंतरची, आणि तिच्यासाठी धातू स्वतः साधारण २०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं राहावा लागतो. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आतल्या हवेचा असतो आणि तोही बऱ्याचदा खोटा. चिमट्याचं तापमान हवेच्या मागे असतं. म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटरने धातूच मोजायचा आणि घड्याळ तिथून लावायचं. थिजलेलं तूप पुन्हा वितळतं, पण दुधाचं दही झालं की परत दूध होत नाही. हा रंग दह्याच्या जातीचा. तो पुन्हा तापवला तर जळेल, पण वितळणार नाही.

चिमटा अल्युमिनियमचा असेल तर भीती आणखी एक. उष्णतेने मजबूत केलेल्या अल्युमिनियमला ओव्हनमध्ये रेंगाळू दिलं तर त्याची ताकद उतरू लागते. पावडरवाल्याने सांगितलेली वेळ उलटली की बाहेर काढायचा, आणि रंग आवडला नाही म्हणून दर दोन महिन्यांनी भाजायचा नाही.

परत जोडताना बेअरिंगं फ्रीजरमध्ये ठेवून मग लांब आट्याची सळी आणि वायसर वापरून हळूहळू ओढून बसवावीत. हातोडीने नव्हे. सील नवे, ग्रीस सढळ. बोल्टाची आवळणी गाडीच्या पुस्तकात दिलेली असते तीच, टॉर्क पान्याने. शॉकअप जोडण्याआधी चिमटा हाताने उचलून सोडावा. तो न अडखळता सावकाश खाली यावा आणि बाजूला हलवला तर मुळीच खेळू नये. चाक सरळ बसलं का, हे चिमट्यावरच्या खुणांवरून ठरवू नये. त्या अनेक गाड्यांत बिनचूक नसतात. बोल्टाच्या मध्यापासून अॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावं. पहिल्या काही फेऱ्यांनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत.

एवढं झाल्यावर शेजारची जुनी फ्रेम फारच कळकट दिसू लागते. ती काही घरच्या ओव्हनमध्ये मावत नाही. तिला खोलीएवढी भट्टी असलेल्या दुकानात न्यावं लागतं, आणि मग तिथला दर मुकाट्याने मोजावा लागतो.