रिकाम्या हौद्याचे दणके

पिकअपला नवं सस्पेन्शन बसवलं की पहिलं कौतुक पुढच्या चाकांचं होतं. स्टिअरिंग हातात घट्ट बसतं, ब्रेक मारल्यावर नाक खाली जात नाही. मग टोलनाक्याआधीचे रंबलर येतात आणि मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, पाटे लाकडाचे बसवलेत का? गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: "नवीन आहे, बसेल हळूहळू." थोडं बसतंही. पण कित्येकदा ते बसण्याजोगं नसतंच, कारण बिघाड कुठेच झालेला नसतो. पाटा ज्या वजनासाठी बनवला आहे, ते वजन हौद्यात नसतं.

आपल्याकडच्या इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्सला पुढे स्वतंत्र झुलणारी चाकं आणि कॉइल स्प्रिंग असतात. मागे अखंड अॅक्सल आणि त्याला दोन्ही बाजूंनी पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. कंपनीची यात अडचण अशी की रिकामा हौदा आणि भरलेला हौदा यांत कित्येक क्विंटलांचा फरक, आणि दोन्ही एकाच पाट्यावर निभवायचे. म्हणून मूळ पाटाही रिकाम्या गाडीला जरा ताठच असतो. त्यात आणखी ताठ पाटा आला की काय होतं, ते आकड्यांत बघू.

हिशोबापुरतं धरा की रिकाम्या गाडीत मागच्या एका बाजूच्या पाट्यावर ३०० किलो भार येतो आणि मूळ पाटा ३० किलोला एक सेंटिमीटर दबतो. म्हणजे उभ्या गाडीत तो १० सेंटिमीटर दबलेला असेल. अशी गाडी एकदा हलली की सेकंदाला साधारण १.६ वेळा वरखाली होते. आता ५० किलोला एक सेंटिमीटर दबणारा पाटा बसवा. तोच भार, पण दबणं ६ सेंटिमीटर, आणि हलणं सेकंदाला दोन वेळा. सूत्र सोपं आहे: दबलेल्या सेंटिमीटरांचं वर्गमूळ काढायचं आणि ५ ला त्यानं भागायचं. आरामशीर मोटारगाडीत हा आकडा एक ते दीडच्या आसपास असतो. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेचे हादरे सर्वांत जास्त जाचतात ते सेकंदाला चार ते आठच्या पट्ट्यात. पाटा जितका ताठ, तितकी गाडी त्या पट्ट्याच्या जवळ सरकते आणि रस्त्याचे बारीक धक्केही जास्त प्रमाणात वर पोचतात.

आता त्याच नव्या पाट्यावर दर बाजूला २०० किलो जादा टाका, म्हणजे हौद्यात एकूण ४०० किलो. पाटा पुन्हा १० सेंटिमीटर दबतो आणि गाडी पुन्हा १.६ वर येते. जो पाटा रिकाम्या गाडीत आपटत होता, तोच आता शहाण्यासारखा वागतो.

पिकअपची नावाजलेली किट बरीचशी ऑस्ट्रेलियातून येतात. ओल्ड मॅन एमू हे त्यातलं आपल्याकडेही ओळखीचं नाव. तिकडे अशा गाडीच्या हौद्यावर कायमची टपरीवजा कॅनोपी, आत फ्रिज, अवजारांचे खण, दुसरी बॅटरी, पाण्याची टाकी असा संसार असतो. म्हणून तिकडचे पाटे कायमच्या वजनानुसार विकले जातात: हलका, मध्यम, जड. आपला ग्राहक मुळशीच्या कच्च्या रस्त्यासाठी किंवा नुसतं रूप भारदस्त दिसावं म्हणून दोन इंच उंची मागतो. दुकानात जड वर्गाचा संच शिल्लक असतो. हौद्यात जॅक आणि ताडपत्री यांपलीकडे काही नसतं.

खरं तर उंची आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमान थोडी जास्त दिली तर ताठपणा न वाढवताही पाटा गाडीला उचलतो. ताठपणा ठरतो तो पाट्यांच्या संख्येवर, लांबीवर, रुंदीवर आणि सर्वांत जास्त जाडीवर. जाडी तिच्या घनाच्या प्रमाणात काम करते: ६ मिलिमीटरऐवजी ७ चा पाटा घेतला की त्या पाट्याचा ताठपणा दीडपटीहून अधिक होतो. जुने पाटे गॅरेजमध्ये टाकून येऊ नका असं मी सांगतो ते यासाठीच. व्हर्नियर लावून दोन्ही संचांची जाडी मोजली की अर्धं उत्तर तिथेच मिळतं. (उंचीबद्दल एक गोष्ट लगेच: नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतात. दुकानदार हे आपणहून क्वचितच सांगतो.)

तपासणीची सुरुवात मात्र पाट्यापासून करू नये. आधी टायर. सस्पेन्शनबरोबर बऱ्याचदा जाड बाजूंचे ऑल-टेरेन टायर येतात, आणि टायरवाला पिकअप बघून मालवाहू गाडीइतकी हवा ठोकतो. टायर हाही एक स्प्रिंगच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा तक्ता असतो, त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतील तर रिकाम्याचा धरायचा. टायरचा माप-प्रकार बदलला असेल तर टायर कंपनीचा तक्ता बघावा. सकाळी थंड टायरवर मोजावं. फुकटातला हा उपाय करून मगच पुढे जावं.

पुढची पायरी वजनाची. सिमेंटची गोणी ५० किलोची असते; वाळूची पोती भरली तर ती काट्यावर तोलून घ्यावीत. आधी २०० किलो, मग ४०० किलो, शक्य तितकं मागच्या अॅक्सलच्या वर, दोरखंडानं पक्कं बांधून आणि गाडीच्या मंजूर भारक्षमतेच्या आत. त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं गाडी चालवायची. वजनासरशी चाल सुधारत गेली तर पाटा तुमच्या कामापेक्षा ताठ आहे, एवढा निकाल लागला. किती वजनाला सुधारली तेही लिहून ठेवा; दुकानदाराशी बोलताना "हार्ड वाटतंय" यापेक्षा तो आकडा कामाला येतो.

वजन टाकूनही रंबलरवर तीच खडखड राहिली, तर संशय पाट्याच्या ताठपणावरून घर्षणाकडे वळवायचा. पाटे एकमेकांवर घासत दबतात. टोकांना कंपनीनं दिलेल्या चकत्या नसतील, किंवा कोरड्या रंगाचे थर एकमेकांना चिकटून बसले असतील, तर लहान धक्क्याला पाटा हलतच नाही. अख्खी गाडी टायरवर उडते. मोठ्या गतिरोधकावर मात्र घर्षण मोडून पाटा चालतो आणि गाडी बरी वाटते. लहान धक्क्यांवर वाईट, मोठ्यांवर ठीक, ही घर्षणाची खूण.

ते मोजताही येतं. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण्या लावायच्या आणि मागचे शॉकअप खालच्या बाजूनं सोडवायचे. दोघांनी हौद्याची मागची कड दाबून अगदी सावकाश सोडायची आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतची उंची मोजायची. मग तीच कड वर उचलून सावकाश सोडायची आणि पुन्हा मोजायची. दोन मापांत बोटभर किंवा जास्त फरक पडला तर गाडी तेवढ्या पट्ट्यात अडकून बसते आहे. शॉकअप सोडलेल्या अवस्थेत गाडी रस्त्यावर काढायची नाही, हे सांगायची गरज नसावी.

घर्षणाचं दुसरं घर म्हणजे पाट्याच्या टोकांतले बुश. रबरी बुश आतल्या नळीला धरून पिळतो. तो फिरत नाही. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर बुश त्या लोंबत्या स्थितीत पक्का होतो आणि गाडी खाली उतरताच कायमचा पिळलेला राहतो. प्रत्येक धक्क्याला पाट्याबरोबर हे पिळलेलं रबरही दाबावं लागतं, आणि काही महिन्यांत ते फाटतं. उपाय सोपा आहे: चाकांवर वजन असताना बोल्ट सैल करायचे, गाडी दोनचार वेळा दाबायची आणि मग कंपनीच्या टॉर्कला आवळायचे. पॉलियुरेथेनचे बुश निराळे. ते फिरण्यासाठीच असतात, पण त्यांना योग्य ग्रीस लागतं.

बुश बघायला वाकलातच तर शॅकलही बघून घ्या. पाट्याचं मागचं टोक थेट चॅसीला बांधलेलं नसतं. मधे शॅकल ही दोन पट्ट्यांची झुलती जोडणी असते. पाटा दबला की सपाट होतो, सपाट झाला की त्याची लांबी वाढते, आणि ती वाढ शॅकल मागे झुलून सामावून घेतो. त्यामुळे उभ्या गाडीत शॅकलचं खालचं टोक मागे कललेलं दिसलं पाहिजे. फार कमान असलेला नवा पाटा हे टोक पुढे ओढतो. शॅकल पुढच्या बाजूला कलला, तर दबताना त्याला आधी खाली झुलून सरळ उभं व्हावं लागतं, म्हणजे तो चॅसीला वर रेटतो. पाटा मऊ असला तरी मालकाला तो ताठ वाटतो. इथे शॅकलची लांबी किंवा पाट्याची कमान बदलण्याखेरीज इलाज नाही.

शॉकअपला लोक सर्वांत आधी दोष देतात, मी शेवटी देतो. तरी दोन गोष्टी तपासण्याजोग्या आहेत. पहिली, लांबी. गाडी दोन इंच उचलली आणि शॉकअप जुन्या मापाचेच ठेवले, तर चाक खड्ड्यात उतरताना ते पूर्ण ताणून खटकन थांबतात. तो आवाज वरून आपटल्यासारखा येतो, पण असतो ताणाचा. दांडा उघडा दिसत असेल तर त्याला प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधा आणि फेरी मारून या. टाय किती सरकली त्यावरून शॉकअप किती दबला ते कळतं. बंप स्टॉपवर, म्हणजे चाक फार वर आलं की टेकणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, ग्रीसचं बोट फिरवलं तर तिथे ठोकर बसते का, तेही दिसतं.

दुसरी, परतीचा जोर. ताठ पाटा दबल्यावर जोरात उसळतो, त्याला आवरायला शॉकअपची परतीची पकड जास्त लागते. ती कमी पडली तर गाडीचं बूड उडतं. उलट फार घट्ट झाली, तर लागोपाठच्या लाटांवर चाक परत खाली येण्याआधीच पुढचा धक्का बसतो आणि मागचा भाग दबत दबत बसून जातो. म्हणून पाटे एका कंपनीचे आणि शॉकअप दुसऱ्या कंपनीचे, अशी जुळवाजुळव स्वस्त पडली तरी बहुधा महागात जाते.

निदान "पाटा ताठ" असंच निघालं, तर खरा उपाय हलक्या वर्गाचा पाटा मागून घेणं हाच. पाटेवाला मात्र "एक काढून टाकू" म्हणेल. काही वेळा ते चालतं: सर्वांत खालचा, जाड आणि जवळजवळ सपाट असा ओव्हरलोडचा पाटा रिकाम्या गाडीतच वरच्यांना टेकत असेल, तर तो काढल्यानं फरक पडतो. पण भार वाहण्याची ताकद घटते, उंची उतरते, उरलेल्या पाट्यांवर ताण वाढतो. मेन पाट्याच्या गोल टोकाला वेढा घालणारा दुसरा पाटा तर काढूच नये. मेन पाटा तुटला तर अॅक्सल जागेवर धरणारा तोच. कुठलाही पाटा काढल्यावर सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नव्या जाडीच्या मापाचे घ्यावेत आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

उरला तो मालक, ज्याचा हौदा एरवी रिकामा आणि द्राक्षांच्या हंगामात भरलेला. त्यानं हलका पाटा ठेवून अॅक्सल आणि चॅसी यांच्यामधे हवेच्या फुग्यांची जोडी बसवावी. वजन असेल तेव्हा हवा भरायची, रिकामं झालं की कंपनीनं सांगितलेल्या किमान दाबापर्यंत सोडायची. फुग्यांमुळे गाडी सरळ उभी राहते, पण भारक्षमता वाढत नाही: पाट्याच्या दोन टोकांवर वाटला जाणारा भार फुगा चॅसीच्या मधल्या एका जागी देतो, आणि अतिभार टाकून खड्ड्यांतून हाकलल्यास चॅसी नेमकी तिथेच वाकते.