बुरशीच्या घरात जीवाणू



आठवीच्या वर्गात सूक्ष्मजीवांचा धडा चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ब्रेडवरची बुरशी खरवडून टाकली तर उरलेला ब्रेड खाता येतो ना? आमची आजी तसेच करते." आम्ही "नाही" म्हणालो. पण "का नाही?" याचे उत्तर तासाच्या घंटेत मावणारे नव्हते. म्हणून हा लेख.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेव्हा 'कवक' हा एक अध्याय आणि 'जीवाणु' हा दुसरा. एकाचा प्रश्न दुसऱ्यात कधी आला नाही. पुढे आम्हीही तसेच शिकवले. निसर्गात मात्र हे दोघे पुष्कळदा एकाच घरात नांदतात.

पहिले उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल, जे इंदूरच्या किराणा दुकानात 'पत्थरफूल' म्हणून मिळते, ते फूल नव्हे. बुरशी आणि हिरवे शैवाल यांनी मिळून केलेला तो संसार आहे. बुरशी आसरा देते, ओलावा धरून ठेवते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. दगडफुलाच्या काही भाऊबंदांमध्ये शैवालाच्या जागी नीलहरित जीवाणू असतात. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६७ साली ही जोडी ओळखली, तेव्हा अनेक विद्वानांनी ती मानली नाही.

दुसरे उदाहरण भाताचे. रायझोपस मायक्रोस्पोरस नावाची बुरशी भाताच्या कोवळ्या रोपांवर पडते. मुळांची टोके सुजतात, वाढ थांबते आणि रोपे मरतात. हे 'रायझॉक्सिन' नावाच्या विषामुळे होते. जपानी शास्त्रज्ञांनी १९८४ साली ते वेगळे काढले. हे विष पेशींचे विभाजन थांबवते; म्हणून कर्करोगावरील औषध म्हणूनही त्याच्या चाचण्या झाल्या. पुढची वीस वर्षे सर्वजण असेच समजत होते की विष बुरशीच तयार करते.

जर्मनीतील येना येथे लैला पार्टिडा-मार्टिनेझ आणि ख्रिश्चन हर्टवेक यांनी शोध घेतला, तेव्हा बुरशीच्या तंतूंच्या आत जीवाणू राहत असल्याचे दिसले. प्रतिजैविक देऊन ते जीवाणू मारले, तेव्हा बुरशी जिवंत राहिली, पण विष बंद झाले. उलट ते जीवाणू बुरशीबाहेर वेगळे वाढवले, तर ते एकटेच विष तयार करू लागले! २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. या जीवाणूचे आजचे कुळनाम 'मायसेटोहॅबिटन्स', म्हणजेच 'बुरशीत राहणारा', असे आहे.

मग घरमालकाला या भाडेकरूचा फायदा काय? विषाने मेलेल्या रोपातील अन्न दोघांनाही मिळते. शिवाय बुरशीच्या पेशीतील एका प्रथिनात थोडा बदल असल्यामुळे तिला स्वतःला हे विष बाधत नाही. पण त्याची किंमतही मोठी आहे. २००७ साली त्याच शास्त्रज्ञांनी दाखवले की जीवाणू काढून टाकले तर बुरशीला बीजाणू तयार करता येत नाहीत. ते परत दिले की बीजाणू पुन्हा तयार होतात. म्हणजे भाडेकरू गेला की घरमालकाचा वंशच थांबतो! तयार झालेल्या बीजाणूंत जीवाणूही शिरतात आणि पुढच्या पिढीबरोबर प्रवास करतात.

पालकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सहजीवन म्हटले की आपल्याला सर्वांचे भले आठवते. येथे मात्र भले त्या दोघांचेच होते आणि नुकसान भात लावणाऱ्या शेतकऱ्याचे.

आता पुन्हा ब्रेडकडे वळू. ब्रेडवर पुष्कळदा येणारी काळी बुरशी ही याच रायझोपस कुळातली. प्रत्येक बुरशीत असे जीवाणू असतातच असे नाही, आणि प्रत्येक बुरशी विषारीही नसते. पण कोणती कशी, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. आपण खरवडतो तो वरचा भाग. तिचे बारीक तंतू ब्रेडच्या आत खोलवर गेलेले असतात. शिवाय अनेक बुरशीविषे भाजल्याने किंवा उकळल्यानेही पूर्ण नष्ट होत नाहीत. तेव्हा असा ब्रेड टाकून द्यावा. अन्न वाया घालवू नये ही आजींची शिकवण खरीच आहे. ती पाळायची तर ब्रेड लागेल तेवढाच आणावा आणि वेळेत संपवावा.

विद्यार्थ्यांनी घरून दगडफुलाचा एक तुकडा आणावा, प्रयोगशाळेत भिंगाखाली तो नीट पाहता येईल. बुरशी लागलेला ब्रेड मात्र कोणीही आणू नये किंवा हुंगून पाहू नये.

त्या विद्यार्थिनीचे आम्ही आभार मानतो. तिच्या एका प्रश्नामुळे आमचे दोन जुने अध्याय एकत्र वाचले गेले.