गोंदणाऱ्या हातांची नावे

हातकणंगले तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबलींची २८ फूट उंचीची मूर्ती उभी आहे. १९६३ साली तिची प्रतिष्ठापना झाली. अंगावर वस्त्र नाही, अलंकार नाही. कानांच्या पाळ्या मात्र लांब, खाली ओघळलेल्या. जैन आणि बौद्ध मूर्तींमध्ये लांब पाळी हे महापुरुषाचे लक्षण मानतात. त्यामागचा एक अर्थ असा लावला जातो, की राजपुत्र असताना जड कुंडले वागवून कान ताणले गेले. पुढे कुंडले उतरली, पण कान तसेच राहिले. राज्य सोडता आले, शरीरावर उमटलेली खूण सोडता आली नाही. याच तालुक्यातली हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी देशभर ओळखली जाते. एकाच तालुक्यात वैराग्याची मूर्तीही आहे आणि दागिन्यांची पेठही, आणि माणूस आपल्या देहावर काय काय करत आला, हे समजून घ्यायला सुरुवात करण्यासाठी एवढे पुरे आहे.

कान टोचण्यापासूनच पाहू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय याच विषयाचा आहे. बाळ सहाव्या किंवा सातव्या महिन्यात असताना, शुक्ल पक्षात, त्याला मांडीवर घेऊन खेळण्यांनी रिझवायचे. वैद्याने डाव्या हाताने पाळी ओढून उन्हात धरायची, प्रकाश आरपार दिसेल ती नैसर्गिक जागा हेरायची आणि सरळ सुई घालायची. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. रक्त फार आले किंवा दुखणे वाढले, तर जागा चुकली असे समजायचे. मग कापसाची वात घालायची, तेल सोडायचे आणि तीन-तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड वात बसवायची. हेतूही तिथेच सांगितला आहे: बाळाचे रक्षण आणि भूषण. ते काम पुढे आपल्याकडे सोनाराच्या हाती आले. बारशाच्या सुमारास सोनार सोन्याची बारीक तार घेऊन घरी येई. सोनारानेच कान टोचावेत, ही म्हण त्याच विश्वासातून आली.

त्या अध्यायाचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार त्यात आहेत आणि तुटलेले नाक नव्याने घडवण्याची रीतही आहे. ही विद्या पोथीतच राहिली नाही, याचा पुरावा पुण्यात मिळतो. कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्यात त्याचे नाक बसवले गेले. ते बसवणारा माणूस विटा पाडणाऱ्या जातीचा होता. त्याने आधी मेणाचा साचा तुटक्या नाकावर बसवला, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या मापाने कातडी सोलली. दोन भुवयांमधला देठ मात्र शाबूत ठेवला. मग कातडी पिळून खाली आणून बसवली आणि वर पाण्यात कालवलेल्या काताची पट्टी लावली. देठातून रक्त मिळत राहते म्हणून कातडी जगते; पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा. इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसेच ऑपरेशन केले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. जगभरच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात कावसजीचे नाव येते, कार्प्यूचे येते. ज्याच्या हातांनी हे घडवले, त्या पुण्याच्या माणसाचे नाव त्या हकिगतीत नाही.

नथीची गोष्ट निराळी आहे. नथ म्हणजे महाराष्ट्राची खूण, असे आपण मानतो. पण ती तितकी प्राचीन नाही. अजिंठ्याच्या चित्रांत कानांत, गळ्यात, केसांत दागिने खच्चून आहेत, नाक मात्र मोकळे आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३८ मध्ये नथीच्या प्राचीनत्वावर लेख लिहिला, तेव्हा त्यांनाही पुरावे मिळत गेले ते साधारण गेल्या हजार वर्षांतले. परंपरा म्हणून जे आपण छातीला धरतो, त्यातले बरेच असे मधल्या काळात येऊन घरचे झालेले असते. त्यात कमीपणा नाही.

नाक टोचण्याचे एक कारण दागिन्याच्या पलीकडचे होते. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे नवा मुलगा जन्मला की त्याचे नाक टोचत. काळाची नजर फसावी, त्याला ही मुलगी वाटावी किंवा व्यंग असलेले नकोसे पोर वाटावे, एवढाच हेतू. त्याच भीतीतून दगडू, धोंडू, भिकू अशी नावे आली. कोल्हापूरकडे केरबा हे नाव आजही सापडते: केरात टाकून पुन्हा उचलून आणलेला. पुरुषाच्या कानातल्या भिकबाळीमागेही भीक मागून आणलेल्या सोन्याची हीच समजूत सांगतात. आज लग्नात हौसेने भिकबाळी घालणाऱ्या तरुणाला हे माहीत असावे, की एके काळी तिच्यामागे एका आईची धास्ती असे.

आता गोंदण. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या गोठलेल्या देहावर ६१ खुणा मोजल्या गेल्या. म्हणजे ही माणसाची फार जुनी सवय आहे. आपल्याकडे सुया एकत्र बांधून, काजळीत पाल्याचा रस कालवून गोंदत आणि वर हळद लावत. काजळी काळी, पण कातडीच्या खालच्या थरात गेल्यावर ती निळसर-हिरवी दिसते, म्हणून आजीचे गोंदण हिरवे. शरीरातल्या संरक्षक पेशी तो रंग गिळून बसतात, त्या मेल्या की नव्या पेशी तोच रंग उचलतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगात हे दाखवले. कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळशीवृंदावन, चंद्रकोर, विंचू, मोर, मनगटावर रामाचे नाव. सोने-नाणे इथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, असे बायका सांगत. जो नवऱ्याला गहाण ठेवता येणार नाही आणि सासूला उतरवून घेता येणार नाही, असा हा एकच दागिना होता.

त्याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. गोंदायचे की नाही, हे त्या मुलीला कुणी विचारत नसे. लहानग्या पोरींना मोठ्या बायका धरून ठेवत आणि सुया चालत. गोंदण नसलेल्या सुनेच्या हातचे पाणी न पिणारी घरे होती. ते दुखणे आपण सुंदर नक्षी म्हणून विसरू नये.

गोंदणारणी बहुतेक भटक्या जमातींतल्या असत. एडगर थर्स्टन यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात दक्षिणेकडच्या कोरवा बायकांच्या गोंदण्याची नोंद केली आहे. कोल्हापूर-सांगली भागातला टोपल्या विणणारा, वाजंत्री वाजवणारा कोरवी समाज त्यांचाच नातलग. या बायकांकडे नक्ष्यांचा मोठा साठा होता, तो ना कागदावर उतरला ना संग्रहालयात गेला. पुण्याच्या त्या वीटकरी शल्यकारासारख्याच त्याही निनावी राहिल्या.

१८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी विजेच्या टॅटू मशीनचे पेटंट घेतले. आज त्याच यंत्राची भावंडे आपल्या जत्रांत आणि इचलकरंजीच्या दुकानांत घरघरतात. दंडावर शिवराय, छातीवर आईचे नाव. निर्णय आता ज्याचा देह त्याचा असतो, ही मला खरी प्रगती वाटते. पण सैन्यभरतीसाठी पहाटे धावणाऱ्या आपल्या भागातल्या पोरांनी नियम आधी वाचावा: कोपरापासून मनगटापर्यंतची हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच जागी टॅटू चालतो, आदिवासींना परंपरेनुसार सवलत आहे, इतरांना दंडावरचा किंवा छातीवरचा टॅटू भरतीतून बाहेर काढतो. आणि सुई नवी आहे का, हे समोर फोडून घेतल्याशिवाय हात पुढे करू नये. एका सुईतून दुसऱ्याची कावीळ किंवा एचआयव्ही आपल्याला मिळू शकतो.

वाचकांना एक विनंती. घरात गोंदलेली आजी, मावशी, आत्या असेल, तर या दिवाळीत तिला विचारून, तिची इच्छा असेल तर, त्या नक्षीचा नीट उजेडात फोटो काढा. नक्षीला ती काय म्हणते, कुठल्या गावी, कितव्या वर्षी, कुणी गोंदले, हे मागे लिहून ठेवा. गोंदणारणीचे नाव आठवत असेल, तर ते सगळ्यात आधी लिहा.