कळ मनाची, तक्रार कंबरेची

सरकारी दवाखान्यात नंबर लावून बसलेली बाई डॉक्टरांपुढे गेल्यावर 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. ती म्हणते, हातपाय गळून जातात, डोके जड होते, कंबर धरते, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. फारच धीर केला तर आवाज खाली आणून सांगते, अंगावरून पांढरे जाते. तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. महिन्याभराने बाई पुन्हा त्याच बाकावर.

या बाकावर नेमके काय चालले आहे, याचा चिकाटीने शोध ज्या थोड्या ठिकाणी घेतला गेला त्यांत गोव्याचे नाव पहिल्या ओळीत येते. त्या शोधाची सुरुवात मात्र आफ्रिकेतली. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल नव्वदच्या दशकात काही काळ झिम्बाब्वेत, हरारेला काम करत होते. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. अर्थ साधा: फार विचार करणे. दवाखान्यात येणारी माणसे आपल्या दुखण्याचे नाव म्हणून हाच शब्द सांगत. तेव्हा पाश्चात्त्य पुस्तकातली लक्षणांची यादी भाषांतरित करून त्यांच्यापुढे ठेवण्याऐवजी त्यांच्याच बोलण्यातून प्रश्नावली तयार करण्यात आली. 'लई इचार करतो, म्हणून डोकं दुखतं' हे वाक्य ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. नवल याचे, की संशोधनाला ते इतक्या उशिरा सुचले.

१९९६ साली पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात 'संगाथ' ही संस्था सुरू केली. दोनच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्राथमिक उपचारांसाठी आलेल्या ३०३ रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना नैराश्य किंवा चिंतेचा विकार असल्याचे दिसले. ही माणसे डॉक्टरकडे आली होती ती अंगदुखी, थकवा, निद्रानाश घेऊन. पुढे जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या महिलांचा अभ्यास झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २५२ आयांना भेटल्यावर त्यांपैकी ५९ जणींना नैराश्य आढळले. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण या दोन गोष्टींनी धोका वाढत होता. आणखी एक गोष्ट होती, जी पाश्चात्त्य देशांतल्या प्रश्नावलीत कुणी घातलीच नसती: मुलगी झाली होती का? मुलगा व्हावा ही घरातल्यांची आस आणि बाईचे ढासळलेले मन यांचा संबंध आकड्यांत उतरला.

पांढरे जाण्याच्या तक्रारीवरचा अभ्यास तर मुळातून वाचावा असा आहे. 'स्त्री आरोग्य शोध' या नावाने गोव्यातल्या सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी झाली. वैद्यकीय पुस्तकाप्रमाणे ही तक्रार म्हणजे जंतुसंसर्ग, आणि सरकारी कार्यक्रमातला उपचारही त्याच हिशेबाने चाले. प्रत्यक्षात या तक्रारीचा संबंध जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट निघाला. बायकांना कारण विचारले तेव्हा त्यांनी संसर्गाच्या आधी नावे घेतली ती ताणाची आणि उष्णतेची. म्हणजे निदान बाईने स्वतःच करून ठेवले होते. तिला विचारायला कुणी गेले नव्हते, एवढेच.

निदान कळले, पण उपचार कोण करणार? मानसोपचारतज्ज्ञ शहरात, तेही मूठभर. मग प्रश्नच उलटा केला गेला: हे काम तज्ज्ञानेच करायला हवे का? 'मानस' या प्रयोगात ज्यांचा आरोग्यसेवेशी आधी संबंध नव्हता अशा स्थानिक पदवीधर तरुणींना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत बसवले. २४ दवाखाने, अर्धे सरकारी, अर्धे खासगी. रुग्ण २,७९६. सरकारी आरोग्य केंद्रांत या समुपदेशक मुलींची मदत मिळालेल्यांपैकी ६५.९ टक्के लोक सहा महिन्यांत बरे झाले. जिथे त्या नव्हत्या तिथे ४२.५ टक्के. २०१० साली 'द लॅन्सेट'ने हे निष्कर्ष छापले आणि जगभरच्या गरीब देशांत त्यांची चर्चा झाली. चर्चेत एक बारीक गोष्ट मागे पडली. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसलाच नाही. संशोधकांचा तर्क असा, की ओळखीचा घरगुती डॉक्टर रुग्णाशी चार शब्द एरवीही बोलतोच. फॅमिली डॉक्टर ही जात नामशेष होत असताना हा तर्क जपून ठेवण्यासारखा आहे.

त्याच वाटेने पुढे तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा उपचार तयार झाला. त्याचे तत्त्व कुठल्याही आजीला पटेल: मन लागले की काम करू असे म्हणत बसू नये, कामाला हात घातला की मन लागते. अंगणापर्यंत जाणे, शेजारणीशी बोलणे, बंद पडलेला भरतकामाचा डबा उघडणे, अशा छोट्या गोष्टी ठरवायच्या आणि पुढच्या भेटीत त्यांचे काय झाले ते बोलायचे. २०१७ मधल्या चाचणीत हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

मांडवीकाठी हे चालू असताना वर्धा नदीच्या काठी वेगळीच मोजणी सुरू होती.

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर अहवालांची कमतरता नाही. उच्च न्यायालयात सादर झालेला टाटा समाजविज्ञान संस्थेचा २००५ चा अहवाल आहे, राज्य सरकारला दिलेला श्रीजित मिश्रा यांचा २००६ चा आहे. पण गावात जो शब्द रुजला तो अहवालातला नव्हे, तहसील कचेरीतला: 'पात्र' आणि 'अपात्र'. मागे राहिलेल्या कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी जमीन, कर्ज आणि थकबाकी यांची कागदे जुळली तर मृत्यू पात्र, नाहीतर अपात्र. सातबाऱ्यावर नाव नसलेली, पण आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेली बाई गेली तर ती बहुधा 'गृहिणी' म्हणून नोंदली जाते. आपल्याकडच्या आकडेवारीवर कुणी काही बांधू पाहत असेल तर त्याने आधी हा रकाना पाहावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केली, त्यांपैकी ४,२४८ महाराष्ट्रातले. खरा आकडा यापेक्षा कमी असेल, असे मात्र कुणी म्हणत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेल्या 'विश्राम' प्रकल्पाने मृत्यूनंतरच्या कागदांऐवजी जिवंत माणसांपासून सुरुवात केली. गावातल्या कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, घरोघर फिरले, ज्यांना गरज वाटली त्यांची समुपदेशकाशी आणि पुढे डॉक्टरांशी गाठ घालून दिली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्केच लोक कुठली ना कुठली मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. सहापट वाढ. अर्थात, उरलेले ७३ टक्के तेव्हाही मदतीवाचूनच होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळू नये. कापसाला भाव नाही, सावकार दारात, बोअरला पाणी नाही. अशा माणसाला 'तुमचे विचार आपण तपासून पाहू' असे म्हणणे म्हणजे बाजाराचा दोष त्याच्या डोक्यावर टाकणे नव्हे काय? पुण्याच्या बापू ट्रस्टच्या संस्थापक भार्गवी दावर यांनी वर्षानुवर्षे हाच मुद्दा लावून धरला, की दुःखाला आजाराचे लेबल लावले की त्याचे सामाजिक कारण झाकले जाते. आक्षेप खरा आहे. त्याला सर्वांत चांगले उत्तर मिळाले ते नाशिकच्या पेठ तालुक्यात. या आदिवासी पट्ट्यात 'आत्मीयता' नावाच्या कार्यक्रमात गावातलेच स्वयंसेवक मोबाइलवर छोट्या फिती दाखवत. दारू, घरातली मारहाण, बेकारी हे त्यांचे विषय. मग बोलणे सुरू होई. पण काम बोलण्यावर संपत नसे. अडलेले निवृत्तिवेतन, रोजगार हमीचे काम, सरकारी योजनेचा अर्ज यांचा पाठपुरावाही तोच स्वयंसेवक करी. रेशन कार्ड आणि रडणे एकाच माणसाकडे नेता येते, ही सोय कुठल्याही मनोविकार विभागात नाही.

शास्त्राबाहेरच्या जागांचे काय करायचे, हा प्रश्न अजून भिजत पडला आहे. फलटणच्या महानुभाव मंदिरात मनोरुग्णांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांचा ब्रिटनमधल्या मानववंशशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टन्स यांनी अभ्यास केला. तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांना तिथे जे दिसले ते चकित करणारे होते. आजारी मुलासोबत किंवा नवऱ्यासोबत आलेल्या बायका स्वतः घुमू लागत. रुग्णाची पीडा आपल्या अंगावर यावी आणि तो सुटावा, ही त्यांची श्रद्धा. कुटुंबात दुःखाची वाटणी कशी होते याचे याहून उघड चित्र क्वचितच सापडेल. पण २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्याला आग लागून साखळदंडात बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. त्यानंतर अशा जागांकडे केवळ अंधश्रद्धेच्या चष्म्यातून पाहिले जाऊ लागले. साखळ्या तुटल्याच पाहिजेत. मात्र मंदिराच्या ओवरीत मिळणारी सोबत दवाखान्यात कुठून आणायची, याचे उत्तर साखळ्या तोडून मिळत नाही.

कायदा पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारात लिंग, लैंगिक कल, जात, धर्म, वर्ग यांवरून भेदभाव करायला मनाई केली आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे धरायला सांगितले. पुढच्याच वर्षी समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले.

मोजणी मात्र मागे आहे. बंगळूरुच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना मानसिक विकार असल्याचा आकडा तिथलाच; मंत्र्यांच्या भाषणात आणि वर्तमानपत्राच्या अग्रलेखात तो अजून फिरतो. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. केरळ होते, गुजरात होते, मध्य प्रदेश, छत्तीसगड, मणिपूरही होते. महाराष्ट्र त्यात नव्हता, गोवाही नव्हता. पुढच्या फेरीत राज्याच्या आरोग्य खात्याने आग्रह धरून जागा मिळवावी, आणि प्रश्नावली छापण्याआधी ती मेळघाटात आणि माणदेशात वाचून दाखवावी.

केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.