मांडी म्हणजे चाइल्ड सीट नव्हे

बाळाला गाडीत कुठे बसवता, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "कुठे म्हणजे? आईच्या मांडीवर!" वर थोडं रागावून, "आम्ही काय पडू देतोय होय त्याला?" मायेबद्दल कुणालाच शंका नाही हो. शंका हातांबद्दल आहे.

ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. गाडी समोर आदळली आणि तिचं नाक अर्धा मीटर चेपून ती थांबली, तर हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच उरकतं. तेवढ्यात 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला साधारण 200 किलोचा जोर लागतो. तांदळाच्या चार गोण्या, त्याही बेसावध असताना झेलायच्या. आईने स्वतः बेल्ट लावला नसेल तर तीही पुढे फेकली जाते आणि बाळ तिच्या नि डॅशबोर्डच्या मध्ये सापडतं. यावर काही हुशार मंडळी दोघांना मिळून एकच बेल्ट लावतात. मग आईचं सगळं वजन बाळाला पट्ट्यावर चेपतं! एसीची हवा लागावी म्हणून पुढे बसलात, तर एअरबॅगही बाळावरच उघडणार, ताशी 300 किलोमीटरच्या घरातल्या वेगाने.

"आमची मुलं अशीच वाढली की." जी वाढली, त्यांचेच आईबाप हे सांगू शकतात. शिवाय आज समृद्धी महामार्गावर 120 ची मर्यादा आहे. 50 च्या तुलनेत धडकेची ऊर्जा पावणेसहा पट.

तान्ह्या बाळाची चाइल्ड सीट मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी बसवायची. त्याचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. उलटं बसवलं की धक्का पाठीवर पसरतो. मोठं झालं की पुढे तोंड असलेली सीट, नंतर बूस्टर. उंची 145 सेंटीमीटरच्या आसपास जाईपर्यंत मोठ्यांचा बेल्ट खांद्यावर न बसता गळ्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा साधनांमुळे तान्ह्या बाळांचे मृत्यू 71 टक्क्यांपर्यंत घटू शकतात. आणि 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार 1000 रुपये दंड आहे.

मोठ्यांच्या स्वतःच्या बेल्टबद्दलही सबबी तयारच असतात. "मागे बसणाऱ्याला बेल्ट कशाला?" 4 सप्टेंबर 2022, चारोटीजवळचा सूर्या नदीवरचा पूल. गाडीच्या अपघातात मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. सक्ती मागच्यांनाही आहे, पूर्वीपासून.

"एअरबॅग आहे ना." ती बेल्टच्या जोडीला असते, बदली म्हणून नव्हे.

"गरोदरपणी बेल्ट नको." हवाच. खालचा पट्टा पोटाखालून मांड्यांच्या वरच्या भागावर, वरचा छातीच्या मधून.

"आग लागली तर अडकू." आधी शुद्धीवर तर राहा, बाहेर पडायला तेच लागतं.

राहता राहिली बेल्ट न लावताच गाडीची टुंगटुंग बंद करणारी ती खोटी क्लिप. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांवरून तिच्या 13 हजारांहून अधिक जाहिराती काढायला लावल्या. तुमच्या गाडीतली मात्र तुम्हालाच काढावी लागेल.