पनवेल ते मुरूड, सायकलवर आणि कमी खर्चात

मुलांनी सायकलवर मुरूडला जायचं म्हटलं की अम्मी-अब्बांचा पहिला प्रश्न खर्चाचा नसतो, ट्रकांचा असतो. आम्हाला तो रास्त वाटतो. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदीच आहे. आपला रस्ता पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्गाने. फजरनंतर उजाडताच निघावं, म्हणजे कर्नाळ्याची खिंड वर्दळीआधी ओलांडता येते. वडखळला अलिबागकडे वळायचं, पुढे रेवदंडा, काशीद, मुरूड. अलिबागहून मुरूड साधारण 50 किलोमीटर, म्हणून पहिला मुक्काम अलिबागलाच करा.

सायकल जुनी चालेल, पण ब्रेक आणि टायर चांगले हवेत. जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, मागचा लाल दिवा आणि हेल्मेट यांत काटकसर नको. ओझं पाठीवर न घेता कॅरिअरवर बांधा.

राहायला रिसॉर्टपेक्षा गावातली घरगुती खोली स्वस्त पडते. सायकल रात्री आत ठेवू देतील का, हे आधीच विचारा. कोकणात आपले पाहुणे असतातच, पण फोन न करता दारात उभं राहू नये! शनिवार-रविवारी भाडं चढतं. जंजिऱ्याची होडी राजपुरीहून सुटते, मात्र पावसाळ्यात किल्ला बंद असतो. तेव्हा थंडीतच निघा.